दहा व्यासांचा खांब

करंजाड्यात खांबांना तोटा नाही. पनवेलहून जेएनपीटीच्या रस्त्याला लागून वसाहतीत वळलं, की सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवरच्या इमारती दाटीवाटीनं उभ्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या दाराशी दोन-दोन ‘रोमन पिलर’ असतात. हे नाव बांधकामवाल्यांचं. आर.सी.सी.चा चौकोनी कॉलम आधीच ओतलेला असतो, भार तोच घेतो. मग त्याभोवती साच्यातून काढलेले दोन अर्धगोल तुकडे बसवायचे, सांध्यात पुट्टी भरायची, वर पानाफुलांचं डोकं चिकटवायचं आणि पांढरा रंग मारायचा. पेणला जसे गणपतीचे साचे तसे इकडे खांबांचे. दुकानात कॅटलॉग असतो, डोकं एक नंबरचं घ्या की चार नंबरचं, भाव वेगळा.

मी पनवेलला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. एलिव्हेशन काढून झालं की जागेचा मालक कागदावर बोट ठेवतो आणि म्हणतो, “समोर जरा रुबाब पायजे.” रुबाब म्हणजे खांब, हे आता विचारावंही लागत नाही. ज्या माणसाची भातशेती सिडकोकडं गेली, खाजणं गेली, त्यानं त्याबदल्यात मिळालेल्या भूखंडावर घर बांधताना दाराशी राजवाड्याचे खांब मागावेत यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. मात्र हे खांब डोळ्याला खुपतात. खोटे आहेत म्हणून की आणखी कशानं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता.

ऑफिसातल्या कपाटात विन्योलाच्या पुस्तकातल्या आकृत्यांच्या झेरॉक्स आहेत. जाकोमो बारोत्सी दा विन्योला हा इटालियन वास्तुकार, पुस्तक १५६२ चं. जवळजवळ सगळं चित्रांतच सांगितलेलं. खांबाचे पाच प्रकार, आणि प्रत्येकाची जाडी-उंची ठरलेली: टस्कन खांब बुंध्याच्या व्यासाच्या सात पट उंच, डोरिक आठ पट, आयोनिक नऊ, कोरिंथियन आणि कंपोझिट दहा. करंजाड्यातल्या खांबांना डोकी बहुतेक कोरिंथियन असतात, म्हणजे पानांची, आणि उंची जेमतेम पाच व्यासांची. स्टिल्ट पार्किंगची उंची जेवढी तेवढाच खांब. नऊवारी नेसलेल्या बाईला गुडघ्यापासून कापावं तसं ते दिसतं.

ही मापं जिथं खरोखर पाळली, अशा इमारती पाहायच्या तर फ्लॉरेन्सला जावं लागेल असं कुणालाही वाटेल. जाण्याची गरज नाही. विन्योलाचं पुस्तक छापलं गेलं त्याच शतकात आपल्या कोकणपट्टीवर पोर्तुगीज चर्चं बांधत होते. रेवदंड्याला, वसईला, गोव्याला. आणि करंजाड्याच्या माणसाला ही तिन्ही ठिकाणं सोयीची. पेण-अलिबागवरून रेवदंडा, पनवेल स्टेशनातून वसईची थेट गाडी, आणि कोकण रेल्वेनं करमळीला उतरलं की जुनं गोवं पायाखालीच.

सुरुवात रेवदंड्यापासून केली. पोर्तुगीजांना इथं वखारीची परवानगी मिळाली १५१६ मध्ये आणि किल्ल्याचं काम सुरू झालं १५२१ च्या सुमारास. अलिबागहून चौल मागं टाकून येणारा डांबरी रस्ता तटातूनच गावात शिरतो. एस.टी.तल्या नेहमीच्या प्रवाशांना त्याचं काही नाही, नवख्यानं तेवढी मान वर करावी. आत सगळ्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, आणि मधूनच एखादी काळी भिंत, जिच्यावर कुणाच्या वाडीची हद्द आहे तर कुणाची गाय बांधलेली आहे. फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. गावात त्याला सातखणी म्हणतात. उंची शंभर फुटांच्या आसपास. प्रत्येक खणाच्या शेवटी भिंतीतून थोडी बाहेर आलेली आडवी पट्टी आहे, आणि मनोऱ्याचं सगळं रूप त्या पट्ट्यांत आहे.

हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. मुंबईत सी.एस.एम.टी.समोर उभं राहिलं की नजर टोकदार कमानींवरून, सुळक्यांवरून आपोआप वर जाते, कारण ती इमारत गॉथिक वळणाची. सातखणी त्याहून बारीक आणि सडसडीत असूनही नजर वर पळत नाही. ती पट्टीपट्टीवर थांबते, एक खण बघते, मग पुढचा. रेनेसाँच्या वास्तुकलेतली पहिली सवय हीच. उंच इमारतही आडव्या रेघांनी मोजून दाखवायची, किती मजले आणि कुठला कुठं संपला हे खालच्या माणसाला कळलं पाहिजे. गॉथिक कारागिराला माणसाला दिपवायचं होतं, आणि या लोकांना त्याला हिशेब समजावायचा होता. मला स्वतःला दुसरं जास्त आवडतं, पण तो कदाचित धंद्याचा दोष असेल.

रेवदंड्याला खांब फारसे उरले नाहीत. खाडीपलीकडं कोर्लई, तिथल्या ख्रिस्ती पाड्यात अजून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणाची एक बोली बोलतात. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये. बोली टिकली, छपरं टिकली नाहीत. छपरं लाकडी होती.

वसईची गाडी पनवेलहून निघते ती निळजे, भिवंडी, कामण असं करत. खिडकीतून गोदामं आणि खाजणं. या गाडीत बसून डोक्यात फ्लॉरेन्स जुळवायला वेळ मिळतो.

फ्लॉरेन्सला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जे झालं त्यामागं दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पैसा, आणि तो राजाचा नव्हता, व्यापाऱ्यांच्या संघांचा होता. कॅथेड्रलचं काम लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाकडं होतं, अनाथ मुलांच्या आश्रमाचं रेशीमवाल्यांकडं. दुसरी गोष्ट, रोमचे पडके अवशेष. ते हजार वर्षं तिथंच पडून होते, लोक त्यांतले दगड काढून नेत. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा सोनार. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझ दरवाजाची स्पर्धा झाली, त्यात काम त्याच्या हातून गेलं. मग तो मूर्तिकार दोनातेल्लोबरोबर रोमला जाऊन अवशेषांची मापं घेत बसला, असं त्याचा चरित्रकार सांगतो. अवशेष बघणारे पुष्कळ होते. याच्या हातात मोजपट्टी होती, एवढाच फरक.

परत येऊन त्यानं १४१९ मध्ये अनाथाश्रमाचा ओटा आखला. त्यात खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि खांबापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली ही तिन्ही मापं सारखी. म्हणजे प्रत्येक खण एक घनचौकोन, त्याच्यावर अर्धवर्तुळाची कमान. पुढच्याच वर्षी कॅथेड्रलच्या घुमटाचं काम सुरू झालं. आठ बाजूंचा, एकात एक दोन कवचांचा घुमट, आणि तो त्यानं जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवला. विटा हेरिंगबोन पद्धतीनं, म्हणजे मध्येमध्ये उभ्या विटा घालून रचल्या, त्यामुळे ओली रास आत कोसळत नसे. १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. आमच्या साइटवर दोन मीटरच्या छज्ज्याला इतके टेकू लावतात की खालून वाकून जावं लागतं.

पुढची पिढी लिहिणाऱ्यांची. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसचं लॅटिन पुस्तक मठांच्या ग्रंथालयांत होतं, पण त्याची एक प्रत पोज्जो ब्राच्चोलिनी या विद्वानानं सेंट गालच्या मठातून उजेडात आणली आणि फ्लॉरेन्समध्ये त्याची चर्चा सुरू झाली. लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं त्याला उत्तर म्हणावं तसं स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते १४८५ मध्ये छापलं गेलं. पुढं सेर्लियो, विन्योला, आणि १५७० मध्ये पाल्लादियो. छापखाना आला नसता तर हा सगळा प्रकार टस्कनीपुरता राहिला असता, असं मला वाटतं. गॉथिक चर्च बांधायला त्या परंपरेतला गवंडी लागे, बापाकडून मुलाकडं आलेलं कसब लागे. रेनेसाँचं चर्च बांधायला पुस्तक, पट्टी आणि गुणाकार पुरत. म्हणून तर ते गलबतातून वसईपर्यंत आलं.

वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली, हे कुणाला सांगायला नको. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत एक अख्खं शहर झालं. स्टेशनापासून रिक्षानं गाव ओलांडून आत शिरलं की पाचूबंदराकडून सुकटीचा वास येतो, आणि पडक्या चर्चांमधून लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी हिंडत असतात. फोटोग्राफर त्यांना नेमकं जिथं उभं करतो ती जागा बघावी. कमानीच्या बरोबर मध्यावर, दोन खांबांच्या मधोमध. त्याला आल्बेर्ती कुणी सांगितलेला नसतो. ती इमारतच त्याला मध्यावर ढकलते.

सेंट जोसेफ हे वसईचं मुख्य चर्च. मूळ १५४६ चं, पुढं वाढवलेलं. दारावरच्या लेखात १६०१ हे साल आहे. समोरच मनोरा, आत वर जाणारा गोल जिना. पण मला थांबवलं ते जेझुइटांच्या चर्चच्या दर्शनी भागानं. दाराची कमान अर्धवर्तुळाची. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या खोबणींचे कोरिंथियन खांब, त्यांच्यावर आडवी पट्टी, त्याच्यावर पुन्हा दुसरा मजला, आणि जेझुइटांची आय.एच.एस. ही अक्षरं. दगड आपला काळा पाषाण.

जवळ जाऊन बघितलं. खोबण तळापासून वरपर्यंत सरळ जात नाही. खांब वर थोडा निमुळता होतो, म्हणून खोबणीही वर अरुंद होत जातात. हे काळ्या पाषाणात करणं सोपं नाही. इटलीतला संगमरवर किंवा फ्लॉरेन्सचा करडा वाळूचा दगड छिन्नीला मऊ, हा पाषाण छिन्नी बोथट करतो. पानाची कड इथं जाड आहे, इटालियन चित्रात असते तशी कागदासारखी पातळ नाही. कारागिरानं चित्र समोर ठेवलं आणि दगडाला झेपेल तेवढंच त्यातलं घेतलं. घडीव दगड तरी कुठं? दाराच्या चौकटीला, कोपऱ्यांना, खांबांना. बाकीची भिंत ओबडधोबड दगडांची, वर चुन्याचा गिलावा होता तो बराचसा झडलाय. गिलावा झडल्यामुळे वसईत इमारतीचा सेक्शनच बघायला मिळतो, विद्यार्थ्यांना इथं आणून सोडावं.

आणि तिथंच माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. खांबाच्या मागं भिंत सलग गेलेली दिसते. दारावरचा भार कमान घेते, कमानीचा भार भिंत घेते. खांब काढून घेतला तरी काही पडणार नाही. तो दागिना आहे.

म्हणजे हाही चिकटवलेलाच. ही काही पोर्तुगीजांची चलाखी नव्हे. रोमच्या कोलोसियमला खालून वर डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे अर्धे खांब आहेत, ते सगळे कमानींच्या मधल्या भिंतीला टेकलेले, भार कमानींवर. ब्रुनेलेस्की आणि आल्बेर्तीनं बघितलं ते हेच. आल्बेर्तीनं तर इमारतीतल्या सगळ्या अलंकारांत खांबाला पहिला मान दिला आहे. त्यानं फ्लॉरेन्सच्या रुचेल्लाई घराण्याच्या वाड्याला तिन्ही मजल्यांवर भिंतीत कोरलेले चपटे खांब लावले, ते जेमतेम काही बोटं पुढं आलेले. तिथं खांब म्हणजे भिंतीवर आखलेला तक्ता, कुठली खिडकी कुठल्या घरात बसते ते दाखवणारा. तेव्हा करंजाड्यातल्या खांबांना खोटे म्हणून नावं ठेवायची सोय राहिली नाही. त्यांचं चुकतं ते मापात. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून छपरापर्यंत बाकी कशाशीच त्यांचं प्रमाण जुळलेलं नसतं. आर.सी.सी.चा सांगाडा सिडकोच्या एफ.एस.आय.वर ठरतो, खांब कॅटलॉगवर. दोघांची गाठ पडते ती पुट्टीच्या दिवशी.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत, कोरीव अक्षरांचे, सालांचे. त्यांच्यावरून चालावंच लागतं. बाहेर आल्यावर चिमाजीअप्पांचा पुतळा. वसईतल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, मेणवलीची, या घंटा पुष्कळांनी पाहिलेल्या असतात. खांब तेवढे इथंच राहिले. निदान त्या वेळी तरी मला असं वाटलं की खांब नेण्यासारखे नसतात.

गोव्याला कोकणकन्येनं गेलो. पनवेलला ती मध्यरात्रीच्या सुमारास येते, करमळीला सकाळी सोडते. स्टेशनाबाहेर पायलट उभे असतात. मोटरसायकलच्या मागं बसवून नेणाऱ्यांना गोव्यात हेच नाव. त्यांच्यापैकी एकानं जुन्या गोव्याच्या सर्कलला सोडलं तेव्हा चर्चं अजून नीट उघडलेली नव्हती आणि हिरवळीवर झाडूवाल्या बायका होत्या.

सगळे आधी बॉम जेझूला जातात, मीही गेलो. १५९४ मध्ये पाया घातला, १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. दर्शनी भाग तांबडा, जांभ्याचा. खाली तीन दारं, त्यावर तीन मोठ्या खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यात वर चौकटीत आय.एच.एस. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कंपोझिट असे सगळे खांब या एका भिंतीवर भेटतात. पण खांबांचा आणि नक्षीचा दगड जांभा नाही. रंगच सांगतो. तो काळसर पाषाण आहे, आणि तो आलाय वसईहून.

हे वाचलेलं होतं, तरी समोर उभं राहिल्यावर मजा वाटली. वसईपासून गोव्यापर्यंत जहाजात घालून दगड आणला, कारण जांभ्यात रेघ उमटत नाही. जांभा खाणीतून काढताना कुऱ्हाडीनं कापला जातो इतका मऊ, हवेवर घट्ट होतो, पण अंगानं भोकाभोकांचा. त्यात पान कोरायला गेलं की कड तुटते. मोठे चिरे कापून भिंत उभारावी तर त्याच्यासारखा दगड नाही, आणि खोबणीचा खांब करायचा तर त्याच्याइतका निरुपयोगी नाही. मग जिथं धारदार रेघ हवी तिथं वसईचा पाषाण, आणि बाकीच्या जांभ्यावर शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा. पुस्तकात रेघ एका पेनानं काढलेली असते. कोकणात तीच रेघ उमटवायला दोन खाणी आणि एक गलबत लागलं.

बॉम जेझूच्या बाजूच्या भिंतींवरचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच काढून टाकला गेला, जुनं जरा जुनं दिसावं म्हणून. आता पर्यटकांना तांबडं चर्च हेच खरं रूप वाटतं, पोस्टकार्डांवरही तेच. दगड मात्र पावसात झिजतोय. काही वर्षांपूर्वी गिलावा परत करावा अशी मागणी चर्चच्याच माणसांनी केली, तेव्हा बराच वाद झाला. माझं मत विचारलं तर गिलावा करावा. गोव्याच्या पावसात उघडा जांभा ठेवणं म्हणजे सौंदर्यदृष्टी नव्हे, हलगर्जीपणा आहे. ज्यांना तांबडा रंग हवाय त्यांनी जांभ्याच्या खाणीवर जावं.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. १५६२ मध्ये सुरू, इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं, आतल्या वेदी त्याच्याही नंतर. बाहेरून साधं टस्कन वळण, आत कोरिंथियन. समोर उभं राहिल्यावर काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, कारण डावीकडं मनोरा आहे आणि उजवीकडं नाही. उजवीकडचा, म्हणजे उत्तरेचा मनोरा १७७६ मध्ये पडला, परत बांधला नाही. दुसऱ्या कुठल्या शैलीची इमारत असती तर लक्षातही आलं नसतं. राजवाडा म्हणा, वाडा म्हणा, आपल्याकडं एका अंगाला वाढत गेलेल्या इमारती किती आहेत. इथं मात्र डोळा मधल्या दारावर उभी रेघ ओढतो आणि डावीकडचं सगळं उजवीकडं मागतो. सममिती म्हणजे काय हे धडधाकट इमारतीपेक्षा या लंगड्या इमारतीत जास्त कळतं.

इटलीच्या सगळ्यात जवळचं मात्र सेंट काजेतान. तिथं गर्दी नसते. थिएटाइन पंथाचे इटालियन पाद्री सतराव्या शतकाच्या मध्यावर गोव्यात आले, त्यांनी हे बांधलं, रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून. सेंट पीटर्सची पायाभरणी १५०६ ची आणि दर्शनी भाग सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे हे पाद्री चर्च बांधायला निघाले तेव्हा तो नमुना तसा ताजाच होता. मोठमोठे कोरिंथियन खांब, त्यावर त्रिकोणी मथळा, कोनाड्यांत प्रेषितांचे पुतळे. खांब एका मजल्याचे नाहीत, दारापासून मथळ्याखालच्या पट्टीपर्यंत एकसंध चढलेले. खालच्या माणसाच्या मानानं ते प्रचंड आहेत, तरी अंगावर येत नाहीत. मी पुढं-मागं चालत अंगठा डोळ्यासमोर धरून बुंध्याचा व्यास मोजत होतो, सुरक्षारक्षक जरा संशयानं बघत होता. मोजणी दहाच्या आसपास भरत होती.

आत गेल्यावर घुमटाखाली उभं राहावं. सगळ्या बाजू तिथून सारख्या अंतरावर वाटतात. वर्तुळ आणि चौकोन हे या लोकांचे आवडते आकार, कारण त्यांना मध्य असतो. त्या मध्यावर, बरोबर घुमटाखाली, इथं विहीर आहे, वर चौथरा करून झाकलेली. इटलीच्या आराखड्यात ही नसणार.

सेंट काजेतानच्या आवारातच एक काळं दार एकटं उभं आहे, आदिलशहाच्या वाड्याचं म्हणतात. दोन उभे खांब, आडवी तुळई, जाळीचे तुकडे. कमान नाही. शे-दोनशे पावलांत बांधकामाच्या दोन रीती समोरासमोर, आणि पर्यटक त्या दाराला टेकून पाणी पितात.

इथून परत फिरायचं ठरलेलं होतं. पण फोंड्याची कदंब बस समोर लागलेली दिसली आणि कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन घेऊन यावं असं मनात आलं. मूळ देवी केळोशीची. १५६० च्या दशकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी ती नदीपलीकडं कवळ्याला आणली, कारण फोंड्याच्या भागावर पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. कुठ्ठाळीचा मंगेशही असाच प्रियोळला आला. कॅथेड्रलच्या भिंती उठत होत्या त्याच वर्षांत इकडं देव रातोरात नद्या ओलांडत होते.

आजचं कवळ्याचं देऊळ १७३० ते १७३८ च्या दरम्यानचं. छत्रपती शाहूंच्या दरबारातले नारो राम मंत्री यांच्या पुढाकारानं ते झालं. पायऱ्या चढून आवारात आलो आणि हातातल्या ओटीचं भान राहिलं नाही. सभामंडपाच्या भिंतीला रांगेनं अर्धवर्तुळाच्या कमानींच्या खिडक्या. दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला चिकटलेले खांब, खाली बैठक, वर डोकं. खांबांच्या वरून सगळ्या इमारतीला गुंडाळणारी आडवी पट्टी. गाभाऱ्यावर शिखर नाही. आठ बाजूंचा उंच पट्टा आहे आणि त्यावर घुमट, घुमटाच्या डोक्यावर कळस. मंडपावर मात्र आपली उतरती कौलं, समोर दीपमाळ, बाजूला अग्रशाळा, खाली तळी. जांभा आणि चुना तोच, जो नदीपलीकडं चर्चना लागला होता. हातही बहुधा त्याच जातकुळीच्या कारागिरांचे.

ज्यांच्यामुळे देवी घरातून निघाली त्यांचेच खांब तिच्या नव्या घराला लावताना कुणाला काही वाटलं नसेल का, असा प्रश्न आधी आला. मग लक्षात आलं की पावणेदोनशे वर्षं त्या गवंड्यांनी तेच बांधलेलं होतं. त्यांच्या हाताला खांब म्हणजे तो, कमान म्हणजे ती. आणि यजमानाला रुबाब हवा होता, मंत्र्याचं काम होतं.

ओटी भरणाऱ्या बाईंनी मी खिडक्यांकडं बघतोय हे पाहून विचारलं, “खंयच्यान आयल्यात?” पनवेलकडून, म्हटलं. “आमचे सगळे मुंबयकार येतात ते आधी घुमटीकच हात जोडटात,” असं काहीसं हसत त्यांनी सांगितलं आणि नारळ पुढं केला.

तीर्थ घेऊन मी देवळाला बाहेरून एक फेरी मारली. खिडकीची रुंदी आणि दोन खिडक्यांमधली भिंत यांचं प्रमाण सगळीकडं सारखं राखलेलं आहे, खांब भिंतीतून बाहेर आलेत तेही सारखेच. दहा व्यास काही भरत नाहीत, पण खिडकीशी, पट्टीशी आणि कौलांच्या उताराशी त्यांचं जुळतं, कुणीतरी आधी दोरी धरून आखणी केलेली आहे. हे काम १७३८ मध्ये पुरं झालं. पुढच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेनं वसईचा तट फोडला आणि घंटा उतरवायला सुरुवात झाली.